औषधे आपल्या देशात करणारे डॉ. हमीद



स्मरणिकेसाठी एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे आपल्या अध्यक्षीणबाईंनी सांगितले, तेव्हा मी भांबावूनच गेले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु आमच्या घरात यंदा जो वाद चालला आहे, त्यातूनच मला विषय मिळाला. माझ्या मुलीला बारावीनंतर औषधनिर्माणशास्त्राची दोन वर्षांची पदविका घ्यावयाची आहे आणि पुढे इथेच यवतमाळात स्वतःचे औषधाचे दुकान काढावयाचे आहे. घरच्यांचे म्हणणे असे, की शिकावे, पण नोकरी पाहावी. दुकानात भांडवल कोणी घालावे आणि रात्री-अपरात्री गल्ल्यावर कोणी बसावे? तेव्हा मुलीने मला डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांची हकीकत वाचून दाखविली. ‘सिप्ला’ हे नाव आपण गोळ्यांच्या पाकिटावर वाचतो. ती संस्था काढणारे हेच ते गृहस्थ.

त्यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९८ रोजी अलीगढ येथे झाला. अलाहाबादेस त्यांनी रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले. ते दिवस असहकाराच्या चळवळीचे होते. महात्माजींच्या विचारांचा तरुण हमीदांवर मोठा पगडा बसला. काही काळ त्यांनी जामिया मिलिया या राष्ट्रीय विद्यापीठात अध्यापनही केले. १९२४ साली ते पुढील शिक्षणासाठी परदेशी निघाले ते इंग्लंडला जाण्यासाठी. पण वाटेत बेत बदलून ते जर्मनीस गेले. रसायनविद्येत जर्मनी तेव्हा जगात आघाडीवर होता. बर्लिनच्या विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट मिळविली. तेथेच त्यांना लिथुआनियातील ल्यूबा ही ज्यू तरुणी भेटली. १९२८ साली दोघांचा विवाह झाला. धर्म वेगळा, देश वेगळा, भाषा वेगळी. तरी त्या बाईंनी आपला संसार मुंबईत थाटला. त्याचेही मला फार कौतुक वाटते.

त्या काळी आपल्याकडे नव्या पद्धतीची बहुतेक औषधे परदेशांतून येत. डॉक्टर आपला, रोगी आपला, पण गोळी बाहेरची! १९३५ च्या ऑगस्टमध्ये हमीदसाहेबांनी मुंबईत मुंबई सेंट्रलजवळ एका भाड्याच्या बंगल्यात कंपनी काढली. तिचे नाव केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज. या लांबलचक नावाची आद्याक्षरे घेऊनच पुढे ‘सिप्ला’ झाले. स्वतः शोधलेली औषधांची सूत्रे त्यांनी कंपनीला देऊन टाकली आणि त्यांबद्दल मानधनाचा एक पैसाही घेतला नाही. तयार औषधे बाजारात येण्यास १९३७ चा सप्टेंबर उजाडला. म्हणजे दोन वर्षे नुसती तयारीच चालली होती. दुकान मांडले की दुसऱ्या दिवशी पैसा, असे येथे नव्हते.

४ जुलै १९३९ रोजी गांधीजी स्वतः हा कारखाना पाहावयास आले आणि त्यांनी समाधान व्यक्त केले. त्यानंतर दोनच महिन्यांत महायुद्ध पेटले. परदेशी औषधांची आवक अडली. तेव्हा आपल्याच देशात औषधे करण्याचे मोल सर्वांना कळले. फाळणीला हमीदसाहेबांचा विरोध होता. ते मुंबईतच राहिले. देशातील वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या उभारणीतही त्यांनी भाग घेतला.

त्यांच्या शेवटच्या दिवसांतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. इंग्रजांच्या वेळेपासूनच्या पेटंट कायद्यामुळे, एका कंपनीने औषध शोधले की तेच औषध दुसऱ्याला वेगळ्या रीतीनेही करता येत नसे. घरगुती उदाहरण द्यायचे तर, एकीने पुरणपोळीवर हक्क सांगावा आणि दुसरीने आपल्या पद्धतीने केलेली पोळीही विकू नये, असा तो प्रकार. देशी कारखानदारांनी याविरुद्ध आवाज उठविला. १९७० साली नवा कायदा झाला. औषधाच्या बाबतीत हक्क फक्त करण्याच्या रीतीवर राहिला, औषधावर नाही. हा कायदा २० एप्रिल १९७२ रोजी अमलात आला, आणि २३ जून १९७२ रोजी डॉ. हमीद निवर्तले. आपल्या देशाला मोकळीक मिळालेली त्यांनी जेमतेम दोन महिने पाहिली.

२००५ साली कायदा पुन्हा बदलला. परंतु तोपर्यंत देशी कारखाने आपल्या पायावर उभे राहिले होते. २००१ साली त्यांचे चिरंजीव डॉ. युसूफ हमीद यांनी एड्सची औषधे गरीब देशांतील रोग्यांसाठी वर्षाला ३५० डॉलरना देऊ केली. तीच औषधे परदेशी कंपन्या दहा हजार डॉलरहून अधिक किमतीला विकत होत्या. ज्या आयांची लेकरे त्या औषधांनी वाचली असतील, त्यांना भाड्याच्या त्या बंगल्याची कथा कोठून ठाऊक असणार?

मला रक्तदाबाची गोळी रोज घ्यावी लागते. दत्त चौकातून पाकीट आणते, पाण्याबरोबर गोळी गिळते आणि कामाला लागते. तिच्यामागे कुणाचे शिक्षण आहे, कुणी धोका पत्करला आहे, याचा विचार आजवर मनात आलाच नव्हता. आता येतो. औषध करणे हे जसे शिक्षणाचे काम, तसे ते योग्य माणसाच्या हाती योग्य मात्रेत देणे हेही शिक्षणाचेच काम. नोंदणी झालेल्या औषधतज्ज्ञाखेरीज ते कोणी देऊ नये, असा १९४८ पासून कायदाच आहे.

आमच्या घरचा वाद अजून मिटलेला नाही. पण माझ्या लग्नातील दोन पाटल्या मी मुलीच्या दुकानासाठी बाजूला काढून ठेवल्या आहेत. हे मी घरात अजून बोलले नव्हते. स्मरणिका छापून आली की आपोआप कळेल!