‘पाहिजे’ची वही

गेल्या वर्षी होळीला अंगात ताप होता, तरी मी पुरण शिजत घातलं. नवरा म्हणाला, राहू दे, पोळ्या बाहेरून आणू या. त्यावर मी अशी काही भडकले की सणाचा सगळा विचका झाला. रात्री पडल्यापडल्या मनात आलं, तो बोलला ते माझ्या भल्याचंच होतं की! मग मला एवढं लागलं का?

या ‘का’चं उत्तर मला कॅरन हॉर्नाय या बाईंकडे सापडलं. मानसशास्त्र शिकणाऱ्यांना हे नाव चांगलं ठाऊक असतं. पण मैत्रिणींनो, ते आपल्याही ओळखीचं असायला हवं.

कॅरनचा जन्म १८८५ चा, जर्मनीत हॅम्बुर्गजवळचा. वडील जहाजाचे कप्तान. स्वभावाने कडक आणि देवधर्माचे. मुलीने डॉक्टर व्हायचं म्हणणं त्यांच्या पचनी पडेना. आई मात्र पाठीशी उभी राहिली. तेराव्या वर्षापासून कॅरन रोजनिशी लिहू लागली. मनातला राग, हेवा, स्वतःच्या रूपाबद्दलची खंत, सगळं त्यात यायचं. १९०६ मध्ये ती वैद्यकीय शिक्षणाला गेली, १९०९ मध्ये लग्न झालं. १९११ मध्ये आई गेली आणि त्याच वर्षी पहिली मुलगी झाली. उदासी आणि थकवा पाठ सोडेना. कार्ल अब्राहम यांच्यासारख्या नामांकित तज्ज्ञाचे उपचार घेतले, तरी पुरता आराम पडला नाही. मग स्वतःच्या मनाची तपासणी तिने स्वतःच चालू ठेवली.

पुढे ती स्वतः मनोविश्लेषक झाली आणि थेट फ्रॉइडच्या मताला आव्हान दिलं. बाईला पुरुषाच्या शरीराचा हेवा वाटत नाही, त्याला मिळणाऱ्या मोकळीकीचा वाटतो, असं तिचं म्हणणं. १९२६ मध्ये तीन मुलींना घेऊन ती नवऱ्यापासून वेगळी झाली, १९३२ मध्ये अमेरिकेला गेली. तिची मतं न्यूयॉर्कच्या जाणकारांना इतकी खुपली, की १९४१ मध्ये तिथल्या संस्थेने नव्या विश्लेषकांना शिकवण्याचा तिचा अधिकार काढून घेतला. तिने संस्थाच सोडली आणि सहकाऱ्यांबरोबर नवी उभी केली.

लगेच १९४२ मध्ये तिचं ‘सेल्फ-ॲनालिसिस’ हे पुस्तक आलं. महागडी, वर्षानुवर्षं चालणारी विश्लेषणाची बैठक किती जणांना परवडणार? म्हणून सामान्य माणसाला स्वतःच्या मनात कुठवर उतरता येईल, ते तिने सांगितलं. मनात येईल ते न गाळता मांडायचं. लगेच निवाडा करायचा नाही. जिथे कारण छोटं आणि संताप मोठा, तिथे थांबून बघायचं. भलामाणूस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका व्यापाऱ्याची डोकेदुखी म्हणजे गिळलेला राग होता, असं उदाहरण त्यात आहे. अर्थात हे काम सोपं नाही, आपलं मनच आडवं येतं, हेही तिने लपवलं नाही. आजार गंभीर असेल तर तज्ज्ञाकडे जायलाच हवं, यात मात्र शंका नको.

१९५० च्या पुस्तकात तिने ‘पाहिजे’च्या जुलमाबद्दल लिहिलं. मनात आपली एक आदर्श मूर्ती असते आणि ती हुकूम सोडत राहते: असं वागलंच पाहिजे, हे जमलंच पाहिजे. वाचताना मी दचकलेच. ही तर माझी होळी!

मग दुधाच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या पानावर, माझे ‘पाहिजे’ लिहायला घेतले. सणाला घरचंच पाहिजे. कुणाला नाही म्हणता कामा नये. आजारी पडून चालणार नाही. बावीस झाले! नवऱ्याने पोळ्यांना नाही म्हटलं नव्हतं, त्याने माझ्या त्या मूर्तीला धक्का लावला होता. हे कळलं त्या रात्री मी खूप रडले आणि बऱ्याच दिवसांनी शांत झोपले.

कॅरन १९५२ मध्ये गेली. तिच्या नावाचं, कमी खर्चात मानसोपचार देणारं केंद्र १९५५ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालं.

यंदा होळीला आम्ही पोळ्या बाहेरून आणल्या. पुरण जरा कमी गोड होतं. मी काही बोलले नाही... निदान पहिली पोळी संपेपर्यंत तरी!