फॅराडे यांची तक्रार

विस्मरणाची तक्रार करणाऱ्या माणसाची बहुधा थट्टाच होते. वय झाले, असे म्हणून घरचे लोक ती हसण्यावारी नेतात. डॉक्टरही चार प्रश्न विचारून सर्व ठीक असल्याचा निर्वाळा देतात. त्या माणसाला मात्र आतून जाणवत असते की, पूर्वीचे मन आता राहिलेले नाही. अल्झायमर रोगात मेंदूतील बिघाड उघड लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षे आधीच सुरू होतो, हे आता ठाऊक झाले आहे. त्यामुळे या खासगी जाणिवेकडे संशोधकांचे लक्ष वळले आणि २०१४ मध्ये तिची निश्चित व्याख्याही करण्यात आली. मायकेल फॅराडे यांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगे आहे.

लोहाराच्या घरी १७९१ मध्ये जन्मलेला आणि पुस्तकबांधणीच्या दुकानात सात वर्षे उमेदवारी केलेला हा मुलगा १८१३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस म्हणून लागला. १८३१ मध्ये त्याने विद्युत्-चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. ही कथा शाळकरी मुलांनाही माहीत असते. पुढची कथा पाठ्यपुस्तकांत येत नाही.

१८३९ च्या अखेरीस, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, फॅराडे यांना भोवळ येऊ लागली, डोके जड राहू लागले आणि स्मरणशक्ती दगा देत असल्याची जाणीव त्यांना झाली. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. संशोधन जवळजवळ थांबले. १८४१ मध्ये पत्नी सारा यांच्यासह ते स्वित्झर्लंडला गेले. तेथे त्यांनी एका दिवसात ४५ मैलांची चाल केली. देहाने धडधाकट असलेला हा गृहस्थ आपल्या मनाबद्दल कुरकुरतो, याचे भोवतालच्यांना नवल वाटले असल्यास ते स्वाभाविकच होते.

पण १८४५ च्या सप्टेंबरात हेच फॅराडे प्रयोगशाळेत परतले आणि चुंबकाच्या प्रभावाने काचेतून जाणाऱ्या प्रकाशाचे ध्रुवण फिरते, हे त्यांनी दाखवून दिले. पाठोपाठ प्रतिचुंबकत्वाचा शोध लागला. मन खचल्याची तक्रार करणाऱ्या माणसाच्या हातून विज्ञानातील इतकी मोठी कामगिरी झाल्याची उदाहरणे थोडीच असतील. तेवढ्यावरून ती तक्रार खोटी ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. ती पुढेही थांबली नाही. बाझेल येथील रसायनशास्त्रज्ञ शनबाइन यांना लिहिलेल्या पत्रांतून ती वारंवार डोकावते.

फॅराडे यांनी त्या जाणिवेवर रडत न बसता तिच्याशी व्यवहार केला. प्रत्येक प्रयोग लिहून ठेवण्याची, परिच्छेदांना क्रमांक देण्याची त्यांची शिस्त तरुणपणीच्या वाचनातून आलेली होती. उत्तरायुष्यात ती शिस्त हीच त्यांची दुसरी स्मृती झाली. १८३२ पासून सुरू झालेले ते क्रमांक शेवटी १६,०४१ पर्यंत पोहोचले. या वह्यांनी त्यांना क्लेशही दिले. एकदा कित्येक आठवडे खपून त्यांनी काही प्रयोग पुरे केले आणि मागची पाने चाळता असे आढळले की, तेच प्रयोग, त्याच निष्कर्षांसह, त्यांनी काही महिन्यांपूर्वी केले होते. त्यांना त्यांची यत्किंचितही आठवण नव्हती.

फॅराडे यांना अल्झायमर होता, असे आज ठामपणे म्हणता येणार नाही. अलोइस अल्झायमर यांनी त्या रोगाचे पहिले वर्णन १९०६ मध्ये केले; फॅराडे यांच्या मृत्यूला तेव्हा एकोणचाळीस वर्षे झाली होती. प्रयोगशाळेतील पाऱ्याच्या वाफेवर काहींनी संशय घेतला आहे; अतिश्रमाचा भागही असेलच. आजही अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बहुसंख्यांना स्मृतिभ्रंश होत नाही. अपुरी झोप, खिन्नता, थायरॉइडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव अशी कारणे निघतात आणि त्यांतील पुष्कळांवर उपाय असतो. म्हणूनच तक्रार हा निकाल मानू नये. परंतु ती साक्ष असते, आणि साक्षीदाराला उलटतपासणीपूर्वीच घरी पाठवण्याची आपली रीत कोणत्याही न्यायाला धरून नाही. आपल्या मनाची घसरण सर्वांत आधी ज्याला दिसू शकते तो मनुष्य एकच असतो.

फॅराडे यांनी आपली साक्ष स्वतःच मान्य केली. १८५७ मध्ये रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी नाकारले. नाताळातील मुलांसाठीची व्याख्याने १८६१ मध्ये सोडली, तीही कोणी सुचवण्यापूर्वी. मार्च १८६२ मध्ये, सत्तराव्या वर्षी, ज्योतीच्या प्रकाशाच्या वर्णपटावर चुंबकाचा काही परिणाम होतो काय, हे त्यांनी तपासले. काही दिसले नाही. तो त्यांच्या वहीतील अखेरचा प्रयोग. अधिक प्रभावी उपकरणे हाती असलेल्या झेमान यांना १८९६ मध्ये तो परिणाम दिसला आणि पुढे त्यासाठी नोबेल पारितोषिकही मिळाले. स्मृती ढासळत असताना विचारलेला तो प्रश्न अचूक होता.

त्याच वर्षी २० जूनला शुक्रवारच्या सायंव्याख्यानमालेत सीमेन्सच्या वायुभट्टीवर बोलताना त्यांच्या टिपणांचा कागद चुकून जळाला. निवृत्तीचा मनोदय त्यांनी त्याच सायंकाळी श्रोत्यांपुढे मांडला. सप्टेंबरमध्ये शनबाइन यांना त्यांनी शेवटचे पत्र लिहिले. लिहिलेले पुन्हा पुन्हा फाडावे लागते, कारण हातून निरर्थक मजकूर उतरतो, अशी कबुली त्यात होती. रॉयल इन्स्टिट्यूशनमधील उरलेली जबाबदारी त्यांनी १८६५ मध्ये सोडली. राणी व्हिक्टोरियाने १८५८ मध्ये दिलेल्या हॅम्प्टन कोर्ट येथील घरात, आरामखुर्चीत बसले असताना, २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले.