सहकारी घरांचे प्रणेते : रावबहादूर तालमकी

सेक्टरमधले क्वार्टर असो की चरोद्याचे रेल्वे क्वार्टर, निवृत्तीनंतर बहुतेकांना किल्ली परत करावी लागते. मग आपले घर कुठे? शंभर वर्षांपूर्वी नोकरीसाठी मुंबईत आलेल्या माणसांपुढेही हाच प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधणाऱ्यांत अग्रणी होते रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी.

तालमकी चित्रापूर सारस्वत समाजातले. त्या काळी उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे तिकडची शिकलेली मुले कारकुनी, शिक्षकी करायला मुंबईस येत. 1896 साली प्लेग आला. 1898 मध्ये नेमलेल्या सुधारणा ट्रस्टने दाट चाळी पाडून रस्ते केले. पण पाडल्या तितक्या स्वस्त खोल्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. बेताच्या पगारात एकट्याने घर बांधणे अशक्यच होते.

तालमकींनी एकदम घराला हात घातला नाही. 1904 च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांना मान्यता मिळाली होती. 27 डिसेंबर 1906 रोजी त्यांनी शामराव विठ्ठल कैकिणी यांच्या स्मरणार्थ पतपेढी सुरू केली. तीच पुढे शामराव विठ्ठल बँक झाली. 1911 मध्ये कानडा सारस्वत असोसिएशन स्थापन झाली. 1912 च्या नव्या कायद्याने पतपेढीखेरीज इतर सहकारी संस्थांनाही वाट मोकळी केली आणि 1915 मध्ये गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. देशातील सहकारी घरबांधणीच्या आरंभीच्या प्रयोगांत तिचे नाव आदराने घेतले जाते.

तिची रीत समजून घेण्याजोगी आहे. इमारत संस्थेच्या मालकीची. सभासदाने भाग घ्यायचे आणि भाडेकरू म्हणून राहायचे. भाडे घरमालकाच्या खिशात न जाता संस्थेकडे जमा व्हायचे, त्यातून कर्ज आणि डागडुजी भागायची. म्हणजे सभासद एकटा भाडेकरू, पण सगळे मिळून मालक! घर चढ्या भावाने विकण्याचा मोहच उरला नाही.

या कामाला मर्यादाही होती. संस्था एकाच समाजाची होती, आणि ज्याला भाग घेणे परवडत नव्हते तो गिरणी कामगार चाळीतच राहिला. ही उणीव लक्षात ठेवूनच त्यांचे मोठेपण मान्य करावे. ताडदेवची तालमकीवाडी आजही त्यांचे नाव सांगते.

आम्ही रेल्वेवाले आधी भराव दाबतो, मग खडी पसरतो आणि शेवटी रूळ टाकतो. तालमकींनीही आधी बचत आणि विश्वास जमवला. घर आले नऊ वर्षांनी. आपण मात्र घराचा विचार निवृत्तीच्या तोंडावर, आणि तोही एकेकट्याने करतो. दरवर्षी वर्गणीचा पै-पैचा हिशेब मांडणाऱ्या मंडळाकडे विश्वासाचे भांडवल आहेच. तरुण सभासदांनी आतापासून एकत्र बचत सुरू केली, आणि त्यात जात-भाषा न पाहता शेजारच्या ठेका मजुरालाही सामावून घेतले, तर तालमकींचे राहिलेले काम पुढे जाईल.