टेलिफोनचे गणित

सकाळची वेळ. अंबरनाथ स्थानकाच्या तिकीट खिडकीपुढे दोनच माणसे उभी असतात. दहा मिनिटांनी पाहावे, तर रांग पार बाहेर गेलेली! कोण केव्हा येईल हे कोणालाच ठाऊक नसते. मग खिडक्या किती ठेवायच्या, हे ठरवायचे कसे? टेलिफोनच्या तारांबाबत असाच प्रश्न एका गणिताच्या शिक्षकाने सोडवला. त्यांचे नाव आग्नर क्रारुप एर्लांग.

एर्लांग यांचा जन्म 1 जानेवारी 1878 रोजी डेन्मार्कमधील लोनबोर्ग या खेड्यात झाला. वडील गावच्या शाळेत शिक्षक होते. संध्याकाळी मोठा भाऊ पुस्तक वाचत बसे. आग्नर समोर बसून तेच पुस्तक उलट्या बाजूने वाचत असे! चौदाव्या वर्षी तो विद्यापीठाच्या परीक्षेला बसला. वय कमी असल्यामुळे त्यासाठी खास परवानगी काढावी लागली होती.

1901 साली कोपनहेगन विद्यापीठाची पदवी घेऊन एर्लांग शाळांत शिकवू लागले. गणितप्रेमींच्या सभांना ते जात. तेथे त्यांची ओळख योहान येन्सेन यांच्याशी झाली. येन्सेन कोपनहेगन टेलिफोन कंपनीचे मुख्य अभियंता होते. त्यांच्यामुळे 1908 साली एर्लांग त्या कंपनीत आले.

कंपनीपुढे मोठा पेच होता. दोन केंद्रांना जोडणाऱ्या एका तारेवर एका वेळी एकच संभाषण होई. तारा कमी पडल्या, तर रात्री डॉक्टरांना बोलावू पाहणाऱ्याचा फोनही लागणार नाही. फार घातल्या, तर पैसा वाया जाणार.

समजा, बदलापूर आणि अंबरनाथ यांच्यामध्ये एकच तार आहे. तासाभरात सरासरी वीस लोक फोन करतात आणि प्रत्येकजण सरासरी तीन मिनिटे बोलतो. वीस त्रिक साठ. म्हणजे एक तार पुरेशी आहे, असे आपल्याला वाटेल. पण लोक पाळी लावून फोन करत नाहीत. तार पाच मिनिटे रिकामी पडून राहते आणि मग तिघे एकदम येतात. ज्यांचा फोन लागला नाही ते पुन्हा प्रयत्न करत नाहीत असे धरले, तर एर्लांग यांच्या सूत्राप्रमाणे निम्मे फोन वाया जातात! दोन तारा असतील तर पाचांतला एक वाया जातो, तीन असतील तर सोळांतला एक आणि चार असतील तर पासष्टांतला एक. एखाद्या दिवशी हा आकडा थोडा मागेपुढे होईल, पण अनेक दिवसांचा हिशेब केला की प्रमाण तेच येते.

1909 साली त्यांचा याविषयीचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला. वाया जाणाऱ्या फोनचे हे सूत्र त्यांनी 1917 साली मांडले. ब्रिटनच्या पोस्ट खात्यानेही ते स्वीकारले.

एर्लांग नुसते कागदावर गणिते करणारे नव्हते. जमिनीखालच्या तारांतील वीज मोजण्यासाठी ते स्वतः रस्त्यावरच्या भुयारांत उतरत. शिडी घेतलेला कामगार त्यांच्याबरोबर कोपनहेगनच्या रस्त्यांवरून फिरत असे. त्यांनी लग्न केले नाही. रात्री उशिरापर्यंत ते काम करत. गरजू माणसे प्रयोगशाळेत येत, तेव्हा ते कोणाला न कळू देता त्यांना मदत करत. सुमारे वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी आजारपणाची रजा घेतली नाही. 1929 च्या जानेवारीत मात्र पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांना रुग्णालयात जावे लागले. 3 फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे एक्कावन्न वर्षांचे होते.

आज मोबाइलच्या जाळ्यांचे नियोजन करतानाही त्यांचे सूत्र उपयोगी पडते. टेलिफोनवरील वर्दळ मोजण्याच्या एककाला 1946 साली त्यांचेच नाव देण्यात आले. तासाला साठ मिनिटे बोलणे म्हणजे एक एर्लांग. आपल्या उदाहरणातील बदलापूर-अंबरनाथ तारेवरची वर्दळ बरोबर तेवढीच होती.