लोकमान्य टिळक : घर आणि घराणे

पोलादपूर तालुक्यातील कुडपण हे परंपरेने शेलारमामांचे गाव मानले जाते. १६७० मध्ये तानाजी मालुसरे यांच्यासोबत ते ज्या गडावर लढले, त्याच सिंहगडावर पुढे बाळ गंगाधर टिळक यांचे उन्हाळी घर होते. प्रस्तुत घटकात टिळकांचे चरित्र आपण त्यांच्या घराण्याच्या अंगाने पाहणार आहोत.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. आई बालपणीच वारली, तर १८७२ मध्ये वडील गंगाधरपंत निवर्तले. त्यापूर्वीच, १८७१ मध्ये, त्यांचा विवाह सत्यभामाबाईंशी झाला होता. १८८१ मध्ये ‘केसरी’ सुरू झाला आणि सार्वजनिक कार्याने टिळकांचे सारे आयुष्य व्यापले. पुण्याच्या धकाधकीतून विसावा मिळावा, वाचन-चिंतन घडावे, म्हणून ते उन्हाळ्यात सिंहगडावरील बंगल्यात राहत.

या विसाव्यामागे कौटुंबिक दुःखांची मालिका होती. १९०३ मध्ये थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगने दगावला. १९०८ मध्ये टिळकांना मंडालेच्या तुरुंगात पाठविण्यात आले. तेव्हा भाचे धोंडोपंत विद्वांस यांनी मागची व्यवस्था सांभाळली. ७ जून १९१२ रोजी सत्यभामाबाईंचे निधन झाले. त्या वेळी टिळक मंडालेतच होते. त्यांची सुटका १९१४ मध्ये झाली. मुलगे रामचंद्र व श्रीधर यांच्या वाढत्या वयातील सहा वर्षे पित्यावाचून गेली.

१ ऑगस्ट १९२० रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले. त्यानंतर पुण्यातील गायकवाड वाडा व ‘केसरी’ यांवरून मुलगे आणि विश्वस्त यांच्यात वाद उद्भवला व तो न्यायालयापर्यंत गेला. श्रीधरपंतांनी डॉ. आंबेडकरांशी स्नेह जोडला आणि एप्रिल १९२८ मध्ये वाड्यातच समाज समता संघाची शाखा उघडली. पित्याच्या अनेक अनुयायांना हे रुचले नाही. २५ मे १९२८ रोजी श्रीधरपंतांनी आत्महत्या केली. त्यांचे पुत्र जयंतराव पुढे ‘केसरी’चे संपादक झाले.

सिंहगडावरील बंगला आजही उभा आहे. थोर पुरुषाच्या त्यागाची किंमत त्याचे कुटुंबीयही चुकवीत असतात. चरित्रकाराने ती नोंदविली, तर नायकाची थोरवी उणावत नाही. उलट चरित्राची विश्वसनीयता वाढते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : चरित्रनायकाच्या कौटुंबिक जीवनाचे चित्रण चरित्रलेखनात का आवश्यक ठरते, ते टिळकांच्या उदाहरणाने स्पष्ट करा.