यहूदा इस्कार्योत

येशू ख्रिस्तांनी निवडलेल्या १२ शिष्यांपैकी यहूदा इस्कार्योत हा एक होय. त्याच्या पूर्वायुष्याविषयी शुभवर्तमाने, म्हणजे येशूंचे चरित्र सांगणारे ग्रंथ, जवळजवळ मौन आहेत. पित्याचे नाव शिमोन, एवढेच कळते. शिष्यमंडळाची पैशांची थैली यहूदाकडे असे. काम मोठ्या विश्वासाचे. परंतु तो तीतून चोरी करी, असे योहानाच्या शुभवर्तमानात नमूद आहे.

इ. स. ३० च्या सुमारास वल्हांडण सणासाठी येशू शिष्यांसह यरुशलेमेस आले. लोकक्षोभ न होता त्यांना पकडावे, अशी तेथील मुख्य याजकांची इच्छा होती. चांदीच्या ३० नाण्यांच्या मोबदल्यात यहूदाने ते काम पत्करले. शेवटच्या भोजनाच्या रात्री गेथशेमाने बागेत तो सशस्त्र जमावाला घेऊन आला. गुरू ओळखता यावेत म्हणून खूण ठरली होती, तीही चुंबनाची! शिष्याचे अभिवादनच गुरूंच्या अटकेचे साधन झाले.

त्याच रात्री पेत्र या शिष्यानेही आपण येशूंना ओळखत नसल्याचे तीनदा सांगितले. पुढे तो ढसढसा रडला आणि सोबत्यांत परतला. पश्चात्ताप यहूदालाही झाला. तो नाणी परत करू लागला, पण याजकांनी त्याला झिडकारले. तेव्हा ती मंदिरात फेकून त्याने गळफास घेतला, असे मत्तयाचे शुभवर्तमान सांगते. परतण्यासाठी त्याने स्वतःला अवधीच दिला नाही.

रक्ताचे मोल म्हणून ते पैसे मंदिराच्या खजिन्यात घेतले गेले नाहीत. त्यांतून परक्यांच्या दफनासाठी कुंभाराचे शेत विकत घेण्यात आले. लोक त्याला रक्ताचे शेत म्हणू लागले.