प्रेमचंद रायचंद

प्रेमचंद रायचंद (१८३१ – ३१ ऑगस्ट १९०६) हे मुंबईतील कापूस व शेअर बाजारातील दलाल, व्यापारी आणि दानशूर गृहस्थ होते. १८६१ ते १८६५ या काळात मुंबईत जे शेअरांचे पेव फुटले, त्याचे ते प्रमुख सूत्रधार मानले जातात. काही नोंदींत त्यांचे जन्मवर्ष १८३२ असे दिले आहे.

प्रारंभीचे जीवन

त्यांचा जन्म सुरत येथे एका जैन कुटुंबात झाला. वडील रायचंद दीपचंद हे लाकडाचे व्यापारी होते. कुटुंब मुंबईस आल्यावर प्रेमचंदांचे शिक्षण इंग्रजीतून झाले. इंग्रजी लिहिता, वाचता व बोलता येणारे ते मुंबईतील पहिले देशी शेअर दलाल समजले जातात. युरोपीय बँकर व कंपन्यांशी मध्यस्थाविना बोलता येणे हे त्या काळी भांडवलाइतकेच मोलाचे होते.

भावाची बातमी

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाचा भाव चढत गेला. युरोपशी थेट तारसंपर्क होण्यापूर्वी लिव्हरपूलचा भाव टपालाच्या आगबोटीने येई. प्रेमचंद लहान होड्या समुद्रात पाठवून येणाऱ्या जहाजावरून ती बातमी आधीच मिळवीत, असे सांगितले जाते. ज्याला भाव आधी कळला तो मागाहून येणाऱ्या गिऱ्हाइकाशी धीराने बोलू शके. ज्याला कळला नाही त्याला समोरून आलेली किंमत पत्करावी लागे.

शेअरांचे पेव व वायदे

कापसाचा पैसा बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांकडे वळला. त्यांत बॅक बे रेक्लमेशन कंपनी सर्वांत गाजली. ५,००० रुपये भरलेल्या तिच्या शेअरचा भाव ५०,००० रुपयांपलीकडे गेला. तत्पूर्वी तिचे ४०० शेअर जाहीर लिलावाने विकले, तेव्हाच एक कोटीहून अधिक रुपये आले होते. नव्या कंपन्यांच्या शेअरवाटपात प्रेमचंदांचा शब्द चाले. एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशनवर त्यांचे वर्चस्व होते, तर बँक ऑफ बॉम्बेत त्यांचे वजन मोठे होते. १८६३ च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेला शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची मोकळीक मिळाल्याने या वजनाला विशेष अर्थ आला.

बहुतेक सौदे वायद्याचे असत. भाव आज ठरे, शेअर व पैसे पुढच्या नेमलेल्या दिवशी द्यायचे. मुंबईच्या बाजारात ‘तेजी-मंदी’चे सौदेही परिचित होते. त्यांपैकी तेजीत ठरावीक रक्कम आगाऊ घेऊन ठरल्या भावाने माल घेण्याचा हक्क दुसऱ्यास विकला जाई. हाच आजचा कॉल ऑप्शन होय. असा हक्क विकणाऱ्याच्या हाती मूळ शेअर असेल, तर त्यास कव्हर्ड कॉल म्हणतात. भाव कितीही चढला तरी त्याला केवळ वरचा नफा सोडावा लागतो. बाजारातून महाग शेअर आणण्याची पाळी येत नाही. भाव पडला, तर मात्र आगाऊ रकमेपुरताच आधार असतो. १८६५ च्या वायद्यांत हा आधारही नव्हता. अनेक विकणाऱ्यांजवळ शेअर नव्हते आणि अनेक घेणाऱ्यांजवळ पैसे नव्हते. कागदावर चढलेला भाव प्रत्यक्ष कोण देणार, हे कोणी विचारले नाही.

पतन

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेकडील सेनापती ली शरण गेला आणि कापसाचा भाव कोसळला. १ जुलै १८६५ हा मोठ्या वायद्यांच्या फेडीचा दिवस होता. त्या दिवशी घेणारे आणि देणारे दोघेही हतबल ठरले. २,८५० रुपयांपर्यंत गेलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर ८७ रुपयांवर आला. दिवाळखोरांची प्रकरणे निकालात काढण्यासाठी सरकारला वेगळा कायदा करावा लागला. प्रेमचंदांचीही मालमत्ता गेली. बँक ऑफ बॉम्बे बुडाल्यावर नेमलेल्या चौकशी आयोगाने शेअरांच्या तारणावरील बेसुमार कर्जांची छाननी केली, तीत प्रेमचंदांचे व्यवहार ठळकपणे पुढे आले. त्यांच्या दानशीलतेचे गोडवे गाताना ही बाजू पुष्कळदा गाळली जाते.

दानधर्म व उत्तरायुष्य

भरभराटीच्या काळातच त्यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले होते. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यानुसार १८६९ मध्ये सुरू झालेले काम १८७८ मध्ये पुरे झाले. प्रेमचंदांच्या आईच्या नावावरून मनोऱ्यास राजाबाई टॉवर हे नाव मिळाले. कलकत्ता विद्यापीठातील प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीही त्यांच्याच देणगीतून सुरू झाली.

पतनानंतर ते पुन्हा दलालीकडे वळले. ९ जुलै १८७५ रोजी स्थापन झालेल्या नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशनच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. हीच संस्था पुढे मुंबई शेअर बाजार म्हणून ओळखली गेली. सभासद होण्यासाठी प्रवेश फी एक रुपया होती. ३१ ऑगस्ट १९०६ रोजी प्रेमचंदांचे निधन झाले.